घरचा गोलकीपर, बाहेरगावचा कोच

२५ फेब्रुवारी २०२१ची रात्र. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातलं मोरुम्बी स्टेडियम कोविडमुळे ओस पडलेलं. शिट्टी झाली तेव्हा साओ पाउलो क्लबनं पाहुण्या फ्लामेंगोला २-१ असं हरवलं होतं. हरलेले खेळाडू मात्र मैदान सोडेनात. घोळक्यानं उभे राहून त्यांनी मोबाइलमध्ये डोकी खुपसली होती. तिकडे दक्षिणेला पोर्तो अलेग्रेत इंटरनॅसिओनाल आणि कोरिंथियन्स यांचा सामना अजून ०-० असा अडकलेला. भरपाईच्या वेळेत इंटरनॅसिओनालनं चेंडू जाळ्यात घातलाही, पण तो गोल ऑफसाइड ठरला. तिथली शिट्टी वाजली आणि इथे हरलेली माणसं नाचू लागली. फ्लामेंगो ७१ गुण, इंटरनॅसिओनाल ७०. ब्राझीलचं राष्ट्रीय विजेतेपद फ्लामेंगोला मिळालं होतं.

फ्लामेंगोचा कोच होता रोजेरियो सेनी. मोरुम्बीच्या या मैदानावर त्यानं आयुष्याची २५ वर्षं घालवली होती, ती समोरच्या संघाचा गोलकीपर म्हणून. साओ पाउलोसाठी १,२३७ सामने. एकाच क्लबसाठी इतके सामने तोवर कुणीही खेळलं नव्हतं, सांतोससाठी १,११६ सामने खेळलेला पेलेसुद्धा नाही. साओ पाउलोचे चाहते त्याला ‘मितो’ म्हणतात, म्हणजे दंतकथा. आणि कोच म्हणून पहिल्या श्रेणीतलं त्याचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्याला मिळालं ते त्याच मैदानावर, त्याच क्लबकडून हरून, परक्या क्लबच्या नावावर.

एखाद्या कादंबरीकारानं हा प्रसंग रचला असता, तर संपादकानं ‘जरा जास्तच जुळवून आणलंय’ म्हणून तो कापला असता. पण सेनीची सगळी कारकीर्दच अशी आहे आणि एका लाडक्या समजुतीला ती सुरुंग लावते. क्लबवर जिवापाड प्रेम करणारा खेळाडू पुढे त्याच क्लबचा उत्तम कोच होणार, निदान व्हायला हवा, अशी ती समजूत. चाहत्यांना ती आवडते, वर्तमानपत्रांना मथळे देते आणि क्लबच्या अध्यक्षांना तर फारच सोयीची असते. सेनीच्या बाबतीत घडलं ते उलटंच. खेळाडू म्हणून त्याची निष्ठा हे त्याचं सर्वांत मोठं भांडवल होतं आणि कोच म्हणून ते त्याला साओ पाउलोत कधीच वटवता आलं नाही. कोच म्हणून तो उभा राहिला तो जिथे त्याला कुणी देव मानत नव्हतं तिथे.

आधी ही निष्ठा नीट तपासून पाहू. सेनीचा जन्म २२ जानेवारी १९७३चा, पाराना राज्यातल्या पातो ब्रांकोचा. लहानपणीच कुटुंब माटो ग्रोसोत, सिनोप नावाच्या नव्यानं वसणाऱ्या गावी गेलं. किशोरवयात तो तिथल्या बँकेच्या शाखेत किरकोळ काम करत होता आणि सिनोपच्या संघात गोलमध्ये उभा राहत होता. १९९० साली त्या संघानं राज्य अजिंक्यपद जिंकलं आणि सप्टेंबरमध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा चाचणीसाठी साओ पाउलोला आला. म्हणजे काटेकोर हिशेब केला तर ‘एकाच क्लबचा’ हे विशेषण त्याला लागू पडत नाही. पण दंतकथा लहान गावांचे क्लब पोटात घालतात. सिनोपची कुणी आठवण काढत नाही.

त्यानंतर सहा वर्षं सेनी थांबला. पहिला गोलकीपर होता झेट्टी, आणि कोच तेले सांताना यांच्या त्या संघानं १९९२ आणि १९९३ साली लागोपाठ दोनदा दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वोच्च लिबेर्तादोरेस करंडक आणि दोनदा इंटरकाँटिनेंटल करंडक जिंकला. अशा संघात झेट्टीला हलवणार कोण? १९९४ मध्ये मुरिसी रमाल्यो यांच्या हाताखाली राखीव आणि तरुण खेळाडूंचा संघ कोनमेबोल करंडक जिंकून आला, त्यात गोलमध्ये सेनी होता. बाकीचा काळ बाकावर. झेट्टी गेल्यावर १९९७ पासून जागा त्याची झाली ती २०१५ पर्यंत.

या थांबण्याला निष्ठा म्हणायचं का? थोडं जपूनच म्हणावं लागेल. त्या काळी ब्राझीलमध्ये ‘पासी’ नावाची पद्धत होती. करार संपला तरी खेळाडूचा हक्क क्लबकडेच राही. दुसरीकडे जायचं तर नव्या क्लबनं पैसे मोजायचे आणि जुन्यानं ते मान्य करायचे. १९९८च्या कायद्यानं ही पद्धत मोडीत काढली आणि प्रत्यक्षात ती २००१ साली संपली. पेले तेव्हा क्रीडामंत्री होता, म्हणून तो कायदा त्याच्याच नावानं ओळखला जातो. म्हणजे २००१ पर्यंत कुणी एका क्लबात टिकून राहिला, तर त्यात प्रेम किती आणि बेडी किती हे बाहेरच्याला सांगता येणं अवघड. वेठबिगाराला ‘काय एकनिष्ठ गडी आहे’ म्हणण्यासारखंच ते. शिवाय युरोपचे क्लब ब्राझीलमधून आघाडीचे खेळाडू टोपलीनं उचलत, पण गोलकीपर क्वचितच. ताफारेल १९९० मध्ये पार्माला गेला आणि पुढे दिदा मिलानला. अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

आणि नेमक्या २००१ साली सेनीचं क्लबशी वाजलं. आर्सेनलकडून आपल्याला विचारणा झाल्याचं त्याचं म्हणणं होतं, क्लबच्या अध्यक्षांना ते पटलं नाही आणि त्याला जवळपास महिनाभर निलंबित करण्यात आलं. दंतकथा सांगणारे या प्रकरणावरून घाईघाईनं पुढे सरकतात. खरं तर त्याची निष्ठा इथेच खरी वाटू लागते. भांडण झालं, बेडी गळून पडली होती, आणि तरीही माणूस राहिला. पुढची चौदा वर्षं त्यानं स्वतःच्या मर्जीनं काढली.

याच शहरातल्या पालमेइरास क्लबचा मार्कोस हा त्याचा जोडीदार म्हणायला हरकत नाही. २००२च्या विश्वचषकात ब्राझीलच्या गोलमध्ये तो होता आणि सेनी त्याच संघात बाकावर. मार्कोसनं आर्सेनलचं बोलावणं नाकारलं, पालमेइरास दुसऱ्या श्रेणीत घसरल्यावरही तो तिथेच राहिला आणि २०१२ साली त्यानं हातमोजे उतरवले. हातमोज्यांबरोबर विषयही संपवला. कोच होण्याच्या फंदात तो पडला नाही. त्याची दंतकथा काचेच्या कपाटात आहे तशी आहे, ओरखडा नाही. सेनीला कपाटात बसायचं नव्हतं.

त्याचं कारण त्याच्या खेळातच सापडतं. सेनीनं १३१ गोल केले. गोलकीपरनं केलेल्या गोलांचा हा जागतिक विक्रम आहे. त्यांतले ६९ पेनल्टीवर, ६१ थेट फ्री किकवर. पेनल्टी काय, धीट माणूस मारतो. फ्री किकची गोष्ट वेगळी. गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर चेंडू ठेवलेला, समोर चार-पाच जणांची भिंत, आणि चेंडू त्या भिंतीच्या डोक्यावरून जाऊन बरोबर आडव्या दांड्याखाली वाकायला हवा. सेनी उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू असा काही उचलायचा, की भिंतीतल्या खेळाडूंनी उडी मारली तरी तो त्यांच्या केसांना वारा घालून जायचा. आणि फसला तर? मागे स्वतःचा गोल उघडा, मध्ये सत्तर-ऐंशी मीटर मोकळं मैदान आणि ते पळत पार करायला एकटा सेनी. १५ फेब्रुवारी १९९७ रोजी अरारास गावी उनियाओ साओ जोआओविरुद्ध त्याचा पहिला गोल झाला तो अशाच फ्री किकवर. ही मुभा त्याला मुरिसी यांनी दिली, कारण सराव संपल्यावर सगळे अंघोळीला गेले तरी हा पठ्ठ्या चेंडू मांडून मारतच राही. कोचनं सरावात पाहिलं की संघात याच्याइतकी अचूक किक कुणाचीच नाही, आणि साधा व्यवहारी निर्णय घेतला.

त्यातला कळस म्हणजे २० ऑगस्ट २००६. क्रुझेरोच्या घरच्या मैदानावर साओ पाउलो ०-२ असा मागे. क्रुझेरोला पेनल्टी मिळाली, ती सेनीनं अडवली. मग पुढे येऊन फ्री किकवर गोल केला. मग पेनल्टीवर दुसरा. २-२. पॅराग्वेचा गोलकीपर चिलावर्ट याचा ६२ गोलांचा विक्रम त्या दुपारी मागे पडला. अडवायचं त्यानंच, मारायचं त्यानंच. १८ डिसेंबर २००५ रोजी योकोहामात क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलनं सतरा कॉर्नर मिळवले, तीन वेळा चेंडू जाळ्यात घातला आणि तीनही वेळा गोल नाकारला गेला. स्टीव्हन जेरार्डची वरच्या कोपऱ्यात शिरणारी फ्री किक सेनीनं बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलली. १-० असा सामना जिंकून देणारा गोल मिनेइरोचा, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो गोलकीपरचा. २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षं त्यानं कर्णधार म्हणून राष्ट्रीय विजेतेपद उचललं, मुरिसी यांच्याच हाताखाली. २७ मार्च २०११ रोजी कट्टर वैरी कोरिंथियन्सविरुद्ध शंभरावा गोल. तोही फ्री किकवर, आणि सामना २-१ जिंकून देणारा.

या माणसाचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा, तर ‘सरका, मी करतो’.

कोचच्या कामात अडचण नेमकी हीच. रेषेबाहेर उभा राहिलेला माणूस स्वतः काहीच करू शकत नाही. तो ओरडू शकतो, हातवारे करू शकतो, बदली खेळाडू पाठवू शकतो. पण फ्री किक मिळाली की चेंडू मांडायला दुसराच कुणीतरी जाणार आणि ती भिंतीवर आदळताना कोचनं खिशात हात घालून बघत राहायचं. ज्यानं पंचवीस वर्षं अडचणीच्या वेळी स्वतः पुढे येऊन काम तडीस नेलं, त्याला ही शिक्षाच. मोठे खेळाडू कोच म्हणून का फसतात याची कारणं देताना लोक अनुभवाचा अभाव, डावपेचांचं अज्ञान असं काय काय सांगतात. सेनीला तर अभ्यासाची हौस होती. निवृत्तीनंतरचं २०१६ हे वर्ष त्यानं युरोपात कोचिंगचे अभ्यासक्रम करण्यात आणि मोठ्या क्लबांचे सराव बघण्यात घालवलं. परत येताना मायकेल बील हा इंग्रज आणि चार्ल्स आंबेर हा फ्रेंच असे दोन सहायक बरोबर आणले. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये ही गोष्ट चांगलीच नवलाची होती. तेव्हा अज्ञान हे कारण इथे टिकत नाही.

२०१७च्या हंगामासाठी साओ पाउलोनं त्याला कोच नेमलं. कसलाही पूर्वानुभव नसताना, थेट. जानेवारीत फ्लोरिडातल्या सराव स्पर्धेत संघानं कोरिंथियन्सला हरवलं आणि लोक हुरळले. संघ पुढे सरकून खेळायचा, भरपूर गोल करायचा आणि भरपूर खायचाही. खायचा म्हणण्यातली खोच अशी, की गोलमध्ये कुणाला उभं करायचं हेच त्याला ठरवता येईना. डेनिस, सिदाओ, रेनान रिबेइरो अशी आलटापालट चालू राहिली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गोलकीपरला स्वतःचा वारस निवडता आला नाही. सिदाओच्या जागी दुसऱ्या कुठल्या देवानं येऊन हातमोजे घातले असते, तरी मोरुम्बीतल्या प्रेक्षकांनी बाकाकडे बघूनच उसासा टाकला असता.

पण सगळा दोष त्याच्या पदरात टाकणं अन्यायाचं होईल. क्लबला पैशांची चणचण होती आणि सेनी संघ बांधत असतानाच खेळाडू विकले जात होते. डेव्हिड नेरेस आयाक्सला गेला, लुईझ आराउजो लिलला, लियांको तोरिनोला, मायकॉन गालातासरायला. घरातली भांडीकुंडी बाजारात निघाली की कारभारी म्हणून लाडका मुलगाच पुढे केलेला बरा. देणेकरी आले तरी त्याच्या तोंडाकडे बघून आवाज चढवत नाहीत. क्लबचे अध्यक्ष एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि ३ जुलैला सेनीला नारळ मिळाला. ३७ सामने, १४ विजय, १३ बरोबरी, १० पराभव. राज्य स्पर्धा, ब्राझील चषक, दक्षिण अमेरिकन करंडक, तिन्हींतून संघ बाहेर आणि लीगमध्ये घसरणीच्या पट्ट्यात. पंचवीस वर्षांच्या बदल्यात सात महिने. नेमणुकीमागे राजकीय सोय अजिबात नव्हती असं मानायला बराच भाबडेपणा लागेल. मूर्तीला गाभाऱ्यातून काढून मोर्चाच्या पुढे धरलं, तर दगड मूर्तीलाच लागणार.

गोव्यातल्या फुटबॉलवेड्यांना याच गोष्टीची दुसरी बाजू ठाऊक आहे, कारण तिचा नायक त्यांच्या फातोर्ड्याच्या मैदानावर तीन हंगाम उभा होता. झिको. फ्लामेंगोचा सर्वकालीन सर्वांत मोठा खेळाडू. कोच म्हणून तो जपानला गेला, तुर्कस्तानात फेनरबाचेला, मॉस्कोला, ग्रीसला आणि २०१४ ते २०१६ या काळात एफसी गोवाकडे. २०१५चा अंतिम सामना गोव्यानं मडगावात चेन्नईयिनविरुद्ध २-३ असा गमावला, तेव्हा बाकासमोर तोच होता. इतक्या गावचं पाणी प्यायलेला हा माणूस फ्लामेंगोचा कोच मात्र कधीच झाला नाही. २०१० मध्ये काही महिने तिथे फुटबॉल संचालक म्हणून बसून पाहिलं आणि राजीनामा देऊन तो मोकळा झाला. झिकोनं निष्ठा जपली ती दूर राहून. हेही शहाणपणच, पण त्यात एक सावधपणा आहे, बँकेत ठेव ठेवून व्याजावर जगणाऱ्या माणसाचा. सेनीनं ठेव मोडली. हरला, पण निदान ठेवीची खरी किंमत किती ते त्याला कळलं.

तो गेला कुठे? ईशान्य किनाऱ्यावर, फोर्तालेझाला. आठ वर्षं तिसऱ्या श्रेणीत कुजलेला हा क्लब २०१७ मध्येच कसाबसा दुसऱ्या श्रेणीत आला होता. २०१८ हे त्याचं शताब्दी वर्ष. ब्राझीलमध्ये दक्षिण-आग्नेयेकडची श्रीमंत राज्यं आणि ईशान्येकडची गरीब राज्यं यांच्यातली दरी फुटबॉलमध्येही दिसते. साओ पाउलोचा देव फोर्तालेझाचा कोच होतो म्हणजे बड्या कंपनीच्या संचालकानं तालुक्याच्या पतसंस्थेत मॅनेजर व्हावं, तसं. सेनीनं तिथे गेल्या गेल्या मैदानं सुधारा, व्यायामशाळा नीट करा असा धोशा लावला. २०१८ मध्ये संघानं दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद पटकावलं. क्लबच्या शंभर वर्षांतलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. २०१९ मध्ये राज्य अजिंक्यपद आणि पहिल्यांदाच ईशान्य करंडक. इथे त्याच्या हाताखाली असे खेळाडू होते, ज्यांना कुठल्याच मोठ्या क्लबनं ठेवून घेतलं नव्हतं. तो त्यांना ‘सरका’ म्हणू शकत नव्हता, कारण सरकून जागा देण्याचे दिवस त्याचेच संपले होते. शिकवणं एवढंच हातात होतं.

एक गमतीची गोष्ट. एकनिष्ठतेचा पुतळा असलेला हा माणूस ऑगस्ट २०१९ मध्ये फोर्तालेझाला अर्ध्यावर सोडून क्रुझेरोला गेला. क्रुझेरो मोठा, श्रीमंत म्हणवणारा आणि आतून पोखरलेला. ज्येष्ठ खेळाडूंशी त्याचे खटके उडाले आणि आठ सामन्यांत, दोन विजयांनंतर, त्याला काढलं. दोन-चार दिवसांत तो फोर्तालेझाला परत हजर! आणि फोर्तालेझानं त्याला घेतलंही. त्या वर्षी संघ पहिल्या श्रेणीत नववा आला आणि इतिहासात पहिल्यांदा दक्षिण अमेरिकन करंडकासाठी पात्र ठरला. क्रुझेरो डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याचं ते जाणं आणि परत येणं एका पारड्यात टाकलं, तर साओ पाउलोतल्या पंचवीस वर्षांपेक्षा ते अधिक माणसासारखं वाटतं. चूक केली, दार वाजवलं, दार उघडलं.

गोलकीपर कोच म्हणून विरळा का असतात, या प्रश्नाला सेनीच्या निमित्तानं थोडं वेगळं उत्तर मिळतं. नेहमीचं उत्तर असं, की गोलकीपर संघात राहूनही संघाबाहेरचा, त्याचा सराव वेगळा, त्याचा कोच वेगळा. उलट बाजूचे म्हणतात, की सगळं मैदान समोरून बघणारा तोच एकटा. दोन्हींत तथ्य आहे, पण यशस्वी झालेल्यांची यादी जरा निरखली तर आणखी एक धागा दिसतो. नुनो एस्पिरितो सांतो पोर्तोत वितोर बाइयाच्या मागे बाकावर बसला. सेव्हियाला २०२० मध्ये युरोपा लीग जिंकून देणारा युलेन लोपेतेगी रियाल माद्रिद आणि बार्सिलोनात राखीवच होता. राखीव गोलकीपर म्हणजे कोचच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं फुकटात शिकवणी घेणारा विद्यार्थी. आघाडीच्या राखीव खेळाडूला दहा मिनिटं तरी मिळतात, याला तेवढीही नाहीत. तो बघतो आणि ऐकतो. डिनो झॉफसारखा थोर गोलकीपर अर्थातच याला अपवाद. त्यानं १९९० मध्ये युव्हेंटसला एकाच हंगामात इटालियन चषक आणि युएफा चषक जिंकून दिला आणि तरीही क्लबनं त्याला निरोप दिला. ब्राझीलमध्ये एमर्सन लेआंव हा सेनीचा पूर्वसुरी. तो गोलकीपर, मग कोच, आणि २००२ मध्ये कोवळ्या रॉबिन्यो-दिएगोच्या सांतोसला त्यानं राष्ट्रीय विजेता केलं. पण सेनीपुरतं बोलायचं, तर त्याच्यातला कोच १,२३७ सामन्यांत घडलाच नसावा. तो घडला त्याआधीच्या सहा वर्षांत, तेले सांतानांच्या शेजारच्या बाकावर, झेट्टीची पाठ बघत. गोल आणि करंडकांनी नंतर ते शिक्षण झाकून टाकलं, इतकंच.

नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लामेंगोनं त्याला बोलावलं. तिथे त्यानं मधल्या फळीतल्या विलियन अराओला बचावाच्या मध्यभागी नेऊन उभं केलं. लोकांनी नाकं मुरडली, पण मागून चेंडू घेऊन पुढे सरकणारा बचावपटू त्याला हवा होता. स्वतः गोलमधून पुढे जाणाऱ्याला तो सुचावा यात नवल नाही. मग मोरुम्बीची ती रात्र. पुढे सुपर चषक, रिओचं राज्य अजिंक्यपद, आणि जुलै २०२१ मध्ये हकालपट्टी. आठ महिन्यांत तीन करंडक आणि घरचा रस्ता! ब्राझीलमध्ये कोचच्या खुर्चीला पाठ नसते, फक्त बैठक असते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये साओ पाउलोनं त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी तो राष्ट्रीय विजेता कोच म्हणून आला होता, हातात प्रमाणपत्र घेऊन. संघ घसरणीतून वाचला. २०२२च्या राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिला सामना पालमेइरासविरुद्ध ३-१ जिंकून ते दुसरा ०-४ असा हरले. ऑक्टोबरमध्ये कोर्दोबात दक्षिण अमेरिकन करंडकाचा अंतिम सामना इंडिपेंडिएंटे देल व्हायेविरुद्ध ०-२ गमावला. एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा नारळ. त्याच्या जागी आले दोरिव्हाल ज्युनियर. २०१७ मध्येही त्याच्या जागी दोरिव्हालच आले होते! आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दोरिव्हाल यांनी साओ पाउलोला इतिहासातला पहिला ब्राझील चषक जिंकून दिला, तोही फ्लामेंगोला हरवून. पिकतं तिथं विकत नाही ही म्हण पोर्तुगीजमध्ये आहे की नाही कोण जाणे, पण मोरुम्बीच्या आसपास तिची गरज नक्कीच पडली असेल.

दोन्ही वेळी त्याला काढताना चाहत्यांपैकी बरेच जण चिडले ते त्याच्यावर नाही, तर त्याला या अवस्थेला आणणाऱ्यांवर. यातच मेख आहे. साध्या कोचवर लोक चिडतात, त्याला शिव्या घालतात, आणि त्या रागातून काहीतरी हिशेब होतो. देवावर चिडता येत नाही. मग क्लबमध्ये जे बोलायला हवं ते कुणीच बोलत नाही, खेळाडू दबून राहतात, अध्यक्ष आडोशाला उभे राहतात. निष्ठावंताला खुर्चीवर बसवलं की सगळ्यांचीच जीभ जड होते, त्याची स्वतःचीसुद्धा. फोर्तालेझात हे झालं नाही, कारण तिथे पहिल्या दिवशी तो फक्त सात महिन्यांत काढून टाकलेला एक कोच होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं सल्व्हादोरच्या बाइया क्लबची जबाबदारी घेतली. पुन्हा ईशान्य ब्राझील. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या गटानं नुकताच हा क्लब ताब्यात घेतला होता, पैसा होता, पण संघ तळाशी घुटमळत होता. ६ डिसेंबरला हंगामाच्या अखेरच्या फेरीत फोन्ते नोव्हाच्या मैदानावर बाइयानं आत्लेतिको मिनेइरोला ४-१ असं हरवलं आणि एका गुणानं जीव वाचवला. पुढच्या वर्षी तो संघ आठवा आला आणि १९८९ नंतर पहिल्यांदाच लिबेर्तादोरेस करंडकात पोचला. पण त्या डिसेंबरच्या रात्री बाइयाच्या जागी खाली गेला तो सांतोस, पेलेचा सांतोस, १११ वर्षांत कधीही न घसरलेला. सांतोसला त्या रात्री त्याच्याच मैदानावर २-१ असं हरवणारा पाहुणा संघ होता फोर्तालेझा.